कार्ल्सरूहचे दोन खेळाडू

क्रीडांगणावरील यश हें मोजतां येण्यासारखें यश असतें. कवीच्या योग्यतेविषयीं रसिकांत मतभेद होऊं शकतात, मुत्सद्द्याच्या कर्तृत्वाविषयीं पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. पण चेंडू गोलांत गेला कीं नाहीं, हा प्रश्न पंचाच्या शिटीबरोबर कायमचा सुटतो. म्हणूनच खेळाच्या नोंदवहीवर लोकांचा विश्वास असतो. राजे गेले, राज्यें बुडालीं, तरी अमुक दिवशीं अमुक खेळाडूनें इतके गोल केले ही नोंद अबाधित राहते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. जर्मनीच्या इतिहासांत मात्र असा एक काळ येऊन गेला कीं, त्या काळांत ही नोंदवहीदेखील राज्यकर्त्यांच्या कात्रींतून सुटली नाहीं. एका सामन्यांत दहा गोल करणारा गॉटफ्रीड फुक्स आणि राष्ट्रीय संघातर्फे एका सामन्यांत चार गोल करणारा पहिला जर्मन खेळाडू यूलिउस हिर्श, या दोघांचीं नांवें तींतून वगळण्यांत आलीं. दोघेही कार्ल्सरूह शहराचे, दोघेही एकाच क्लबाचे आणि दोघेही ज्यू. त्यांची कथा ही केवळ खेळाची कथा नाहीं; एखादा देश आपल्याच माणसांना कसा विसरतो आणि त्यांची आठवण व्हायला त्याला किती वर्षें लागतात, याचीही ती कथा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुटबॉल हा खेळ जर्मनींत नवखा होता. तेथील शाळांतून आणि आखाड्यांतून शिस्तबद्ध कवायतीचें राज्य होतें. रांगेंत उभें राहून हुकुमाबरहुकूम अंगविक्षेप करणें म्हणजेच खरा राष्ट्रीय व्यायाम, असें मानणाऱ्या मंडळींना चेंडूमागें धावणारी पोरें पाहून संताप येई. फुटबॉलला ते ‘इंग्रजी रोग’ म्हणत. पण तरुणांनीं या टीकेकडे लक्ष दिलें नाहीं. जानेवारी १९०० मध्यें लाइप्‌झिग येथें जर्मन फुटबॉल महासंघाची स्थापना झाली, १९०३ सालीं पहिली राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि ५ एप्रिल १९०८ रोजीं जर्मनीच्या राष्ट्रीय संघानें आपला पहिला सामना स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं खेळला. तो सामना जर्मनीनें ५-३ असा गमावला.

या नव्या खेळाचें एक माहेरघर म्हणजे बाडेन संस्थानची राजधानी कार्ल्सरूह. १७१५ सालीं वसविलेलें हें शहर मोठें टुमदार. मध्यभागीं राजवाडा आणि त्याच्याभोंवतीं बत्तीस किरणांप्रमाणें फांकलेले रस्ते व वनमार्ग, अशी त्याची रचना असल्यामुळें लोक त्याला ‘पंख्याचें शहर’ म्हणत. वाल्टर बेन्सेमान नांवाच्या एका ज्यू विद्यार्थ्यानें १८८९ सालीं आपल्या शाळासोबत्यांना जमवून येथें फुटबॉलचा आरंभ केला आणि त्यांतूनच १८९१ सालीं कार्ल्सरूह फुटबॉल क्लब उभा राहिला. पुढें याच बेन्सेमाननें १९२० सालीं ‘किकर’ हें फुटबॉलचें नियतकालिक काढलें. राष्ट्राराष्ट्रांतील वैर खेळाच्या मैदानावर विसरलें जावें, अशी त्याची आयुष्यभराची धडपड होती. १९३३ नंतर त्याला जर्मनींत राहणें अशक्य झालें आणि पुढच्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथें तो निवर्तला.

या क्लबाच्या नशिबीं आरंभीं विचित्र अपयश आलें. १९०३ च्या पहिल्याच स्पर्धेंत उपांत्य सामन्यासाठीं निघण्याच्या वेळीं क्लबाला एक तार मिळाली. सामना पुढें ढकलला आहे, असा तींतला मजकूर होता. खेळाडू घरींच राहिले. तार खोटी होती! पण प्रतिस्पर्धी प्राग येथील संघ हजर होता आणि कार्ल्सरूहचा नव्हता, एवढ्यावरून कार्ल्सरूहला स्पर्धेंतून बाद व्हावें लागलें. ती तार कोणीं पाठविली, हें अखेरपर्यंत उघडकीस आलें नाहीं. दोन वर्षांनीं, १९०५ मध्यें, क्लब अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला, पण तेथें बर्लिनच्या संघानें त्याचा २-० असा पराभव केला. विजयासाठीं आणखी पांच वर्षें थांबावें लागलें.

तो विजय मिळवून देणाऱ्या पिढींत तीन नांवें विशेष गाजलीं. फ्रिट्स फॉर्डेरर, गॉटफ्रीड फुक्स आणि यूलिउस हिर्श. फुक्सचा जन्म ३ मे १८८९ रोजीं कार्ल्सरूह येथें एका सुखवस्तु व्यापारी घराण्यांत झाला. घरचा धंदा इमारती लांकडाचा. कांहीं काळ ड्युसेलडॉर्फ येथील क्लबांतून खेळून तो १९०७ च्या सुमारास आपल्या गांवच्या क्लबांत आला. सेंटर-फॉरवर्डच्या जागेवर तो खेळे. हिर्श त्याच्याहून तीन वर्षांनीं लहान. ७ एप्रिल १८९२ रोजीं आखेर्न या गांवीं त्याचा जन्म झाला आणि दहाव्या वर्षीं, १९०२ सालीं, तो कार्ल्सरूह क्लबाचा बाल-सभासद झाला. त्याची जागा आघाडीच्या फळीच्या डाव्या अंगाला. अंगानें तो लहानसर, पण त्याच्या डाव्या पायाचा फटका जबरदस्त. सोबती त्याला लाडानें ‘युलर’ म्हणत.

या तरुणांना वळण लावणारा गुरु इंग्रज होता. विल्यम टाउन्ली हा स्वतः नामांकित खेळाडू. १८९० सालीं इंग्लंडच्या चषक-स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत ब्लॅकबर्न रोव्हर्सतर्फे त्यानें तीन गोल केले होते आणि त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत असा पराक्रम करणारा तो पहिलाच खेळाडू. पुढें तो शिक्षक म्हणून जर्मनींत आला. चेंडू उंच उडवून त्याच्यामागें घोळक्यानें धावण्याची जी रीत तोंपर्यंत रूढ होती, ती त्यानें मोडून काढली. चेंडू जमिनीलगत ठेवावा, जवळच्या सोबत्याला अचूक द्यावा आणि आपण ताबडतोब मोकळ्या जागेकडे सरावें, ही त्याची शिकवण. सतरा वर्षांच्या हिर्शला १९०९ मध्यें पहिल्या संघांत खेळण्याची संधि मिळाली ती याच गुरूच्या नजरेमुळें.

१५ मे १९१० रोजीं कोलोन येथें अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी होता होल्स्टाइन कील हा उत्तरेकडील संघ. नेहमींच्या वेळेंत एकही गोल झाला नाहीं. जादा वेळ द्यावा लागला आणि त्या जादा वेळाच्या अखेरीअखेरीस मॅक्स ब्रॉइनिगनें पेनल्टीवर गोल करून कार्ल्सरूहला विजय मिळवून दिला. आदल्या वर्षींचें अजिंक्यपदही कार्ल्सरूहच्याच फिनिक्स या दुसऱ्या क्लबानें मिळविलें होतें. म्हणजे या मध्यम आकाराच्या शहरानें लागोपाठ दोन वर्षें साऱ्या जर्मनीवर मात केली. १९१२ मध्यें हेच दोन संघ पुन्हां अंतिम सामन्यांत समोरासमोर आले. या वेळीं पेनल्टी कीलला मिळाली आणि विजयही कीललाच मिळाला.

क्लबांतील यशाबरोबर राष्ट्रीय संघाचीं दारें उघडलीं. १९११ सालीं फुक्सची जर्मनीच्या संघांत निवड झाली आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत म्युनिक येथें हंगेरीविरुद्ध झालेल्या सामन्यांत हिर्शनेंही राष्ट्रीय संघांत प्रवेश केला. जर्मन राष्ट्रीय संघांतून खेळलेले ज्यू खेळाडू म्हणून इतिहासांत प्रामुख्यानें याच दोघांचा उल्लेख होतो. त्या काळीं या गोष्टीचें कोणाला विशेष वाटलें नाहीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. प्रेक्षकांच्या दृष्टीनें ते कार्ल्सरूहचे खेळाडू होते, जर्मनीचे खेळाडू होते. त्यांचा धर्म कोणता ही चौकशी सामन्याच्या वृत्तांतांत येण्याचें कारण नव्हतें.

२४ मार्च १९१२ रोजीं हॉलंडमधील झ्वोले या गांवीं जर्मनी व हॉलंड यांचा सामना झाला. दोन्ही बाजूंनीं पांच-पांच गोल होऊन तो बरोबरींत सुटला. जर्मनीच्या पांच गोलांपैकीं चार हिर्शचे होते आणि उरलेला एक फुक्सचा! हिर्शला त्या दिवशीं वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. राष्ट्रीय सामन्यांत चार गोल करण्याचा मान त्याच्यापूर्वीं एकाही जर्मन खेळाडूला मिळाला नव्हता.

त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत स्टॉकहोम येथें ऑलिंपिक क्रीडा भरल्या. २९ जून रोजीं पहिल्याच फेरींत ऑस्ट्रियानें जर्मनीचा ५-१ असा पराभव केला आणि जर्मनीचें पदकाचें स्वप्न संपलें. मात्र पराभूत संघांसाठीं एक सांत्वन-स्पर्धा ठेवलेली होती. तींत १ जुलै रोजीं जर्मनीची गांठ रशियाशीं पडली. रशियाचा संघ आदल्याच दिवशीं फिनलंडकडून हरला होता आणि हें फिनलंड तर त्या वेळीं झारच्याच साम्राज्याचा एक भाग होतें. खचलेल्या मनानें खेळणाऱ्या या संघावर फुक्स वादळासारखा तुटून पडला. पूर्वार्धांत त्यानें पांच गोल केले, उत्तरार्धांत पुन्हां पांच. त्याचा गांवबंधु फॉर्डेरर यानें चार गोलांची भर घातली आणि जर्मनीनें सामना १६-० असा जिंकला. एवढ्या फरकाचा विजय जर्मनीच्या राष्ट्रीय संघाला त्यानंतर एकदांही मिळालेला नाहीं.

एका आंतरराष्ट्रीय सामन्यांत दहा गोल करण्याचा पराक्रम त्यापूर्वीं डेन्मार्कच्या सोफुस नील्सेननें १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें फ्रान्सविरुद्ध केला होता. फुक्सनें त्या विक्रमाची बरोबरी केली आणि ती दोघांची मक्तेदारी २००१ पर्यंत टिकली. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्प्सननें अमेरिकन सामोआच्या दुबळ्या संघाविरुद्ध तेरा गोल केले, तेव्हां कोठें जुना आंकडा मागें पडला. जर्मनीपुरता मात्र फुक्सचा विक्रम आजही अभंग आहे. एकंदरींत तो राष्ट्रीय संघातर्फे केवळ सहा सामने खेळला आणि त्यांत त्यानें तेरा गोल केले. हिर्शचे सामने सात व गोल चार.

यानंतर दोघांच्या वाटा कांहीं काळ निराळ्या झाल्या. फुक्स कार्ल्सरूहमध्येंच राहिला. हिर्श न्यूरेंबर्गच्या बाजूस गेला आणि शेजारच्या फ्यूर्ट येथील क्लबांतून खेळूं लागला. तेथेंही टाउन्लीचीच तालीम होती. ३१ मे १९१४ रोजीं माग्डेबुर्ग येथें फ्यूर्ट व लाइप्‌झिग यांच्यामध्यें झालेला अंतिम सामना जर्मन फुटबॉलच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाहीं, जादा वेळ संपत गेला, तरी खेळ चालूच राहिला. अखेर १५४ व्या मिनिटाला फ्यूर्टनें निर्णायक गोल केला आणि ३-२ असा विजय मिळविला. हिर्शच्या पदरीं दुसऱ्या क्लबातर्फे दुसरें अजिंक्यपद पडलें. त्या सामन्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत युरोपांत रणशिंगें वाजलीं.

पहिल्या महायुद्धांत सुमारें एक लाख जर्मन ज्यू सैन्यांत होते आणि त्यांतील बारा हजार रणांगणावर पडले. फुक्स तोफखान्यांत अधिकारी होता. तो चार वेळां जखमी झाला आणि त्याला लोहक्रूस मिळाला. हिर्शनें चार वर्षें सैन्यांत काढलीं. लोहक्रूस त्यालाही मिळाला. त्याचा एक भाऊ या युद्धांत कामास आला. तरीसुद्धां १९१६ सालीं, युद्ध ऐन भरांत असतां, सैन्यांतील ज्यूंची स्वतंत्र गणना करण्याचा हुकूम जर्मन युद्धखात्यानें काढला. ज्यू लोक आघाडीवर जाण्याचें टाळतात, या कुजबुजीला सरकारी कागदाचें वजन देणारें तें कृत्य होतें. गणनेचा निष्कर्ष युद्धकाळांत प्रसिद्ध झाला नाहीं, पण संशय मात्र पेरला गेला. पुढें जें विषारी पीक आलें त्याच्या बियाण्यांपैकीं हें एक होय.

युद्धानंतर हिर्श आपल्या जुन्या क्लबांत परतला आणि १९२५ पर्यंत खेळत राहिला. पायांतली पूर्वींची चपळाई ओसरल्यावर त्यानें मुलांना खेळ शिकविण्याचें काम पत्करलें. १९२० मध्यें त्यानें एका ख्रिस्ती कन्येशीं विवाह केला होता. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. फुक्स लांकडाच्या धंद्यांत रमला आणि १९२८ मध्यें बर्लिनला जाऊन राहिला. क्लबाला मात्र पूर्वींचें वैभव पुन्हां लाभलें नाहीं. एके काळीं गाजलेले दोन प्रौढ खेळाडू, एक व्यापारांत आणि एक मुलांच्या शिक्षणांत गढलेला, असेंच त्यांचें उर्वरित आयुष्य शांतपणें सरावयाचें होतें.

३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनीं, ९ एप्रिल रोजीं, दक्षिण जर्मनींतील प्रमुख फुटबॉल क्लबांच्या प्रतिनिधींनीं स्टुटगार्ट येथें जमून एक निवेदन केलें. राष्ट्रीय सरकारच्या कार्यास आपण आनंदानें हातभार लावूं, विशेषतः क्रीडासंस्थांतून ज्यूंना दूर करण्याच्या बाबतींत, असा त्याचा आशय होता. हें निवेदन करणाऱ्या क्लबांत न्यूरेंबर्ग, फ्रँकफुर्ट व म्युनिक येथील नामांकित क्लब होते. हिर्शला अजिंक्यपदाचा मान देणारा फ्यूर्ट होता. आणि कार्ल्सरूहही होता. म्युनिकच्या बायर्न क्लबाचा ज्यू अध्यक्ष कुर्त लांडाउअर यानें कांहीं दिवसांपूर्वींच आपलें पद सोडलें होतें. येथें एक गोष्ट ठळकपणें सांगितली पाहिजे. तोंपर्यंत असें करण्याची सक्ति करणारा कायदा क्रीडासंस्थांसाठीं झालेला नव्हता. हुकूम येण्यापूर्वींच आज्ञापालन झालें! दहा दिवसांनंतर, १९ एप्रिल रोजीं, जर्मन फुटबॉल महासंघानेंही ज्यूंना जबाबदारीच्या पदांवर ठेवतां येणार नाहीं, असें जाहीर केलें.

हिर्शनें ही बातमी १० एप्रिल रोजीं वृत्तपत्रांत वाचली. एकतीस वर्षें तो ज्या क्लबाचा सभासद होता, त्यानें आपल्याला काढून टाकावें यापेक्षां आपणच बाहेर पडावें, असें ठरवून त्यानें त्याच दिवशीं क्लबाला पत्र लिहिलें. तें पत्र आज उपलब्ध आहे. त्यांत शिवीगाळ नाहीं, धमकी नाहीं. १९०२ पासून ज्या प्रिय क्लबाशीं आपला संबंध होता, त्याचा जड अंतःकरणानें राजीनामा देत आहों, एवढें सांगून तो पुढें एकच गोष्ट नमूद करतो: ज्यांचा आज इतका द्वेष होत आहे त्या ज्यूंमध्येंही सभ्य माणसें आहेत, आणि आपल्या कृतीनें व रक्तानें राष्ट्रनिष्ठा सिद्ध केलेले जर्मन ज्यू तर त्याहूनही अधिक असतील. लोहक्रूस मिळविलेल्या आणि सख्खा भाऊ देशासाठीं गमावलेल्या माणसावर आपलें जर्मनपण पटवून देण्याचा प्रसंग यावा, यांतच त्या काळाचें सारें अधःपतन दिसून येतें.

यापुढील वर्षें उतरंडीचीं होतीं. हिर्शच्या कुटुंबाचा धंदा बुडाला. कांहीं काळ तो अल्सास प्रांतांत फ्रेंच मुलुखांतील एका क्लबाचा शिक्षक झाला, पण ती नोकरी टिकली नाहीं. परत येऊन त्यानें कार्ल्सरूह येथील ज्यू मुलांच्या क्लबांत शिकविलें. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनीं ज्यूंचें नागरिकत्वच काढून घेतलें. किरकोळ कामें करून संसार चालविण्याची धडपड करतां करतां तो मनानें खचला. १९३८ मध्यें पॅरिसहून परत येतांना त्यानें चालत्या आगगाडींतून उडी टाकली. त्यांतून तो वांचला आणि फ्रान्समधील एका मनोरुग्णालयांत त्याच्यावर उपचार झाले.

फुक्सला सुटकेचा मार्ग सांपडला. १९३७ मध्यें तो कुटुंबासह जर्मनींतून निघाला. प्रथम स्वित्झर्लंड, मग फ्रान्स आणि शेवटीं १९४० मध्यें कॅनडा, असा त्याचा प्रवास झाला. तेथें त्यानें आपलें नांव बदलून ‘गॉडफ्रे फॉक्स’ असें काहीसें इंग्रजी वळणाचें केलें. स्टॉकहोमच्या मैदानावर ज्या नांवाचा जयजयकार झाला होता, तें नांव धारण करणारा माणूस यापुढें माँट्रियलमधील असंख्य निर्वासितांपैकीं एक होऊन राहिला. जर्मनींत तर त्याचें जुनें नांवही उरलें नव्हतें. राष्ट्रीय खेळाडूंच्या याद्यांतून त्याचें व हिर्शचें नांव गाळण्यांत आलें होतें. १६-० चा विजय मिरवावयाचा, पण त्यांतील दहा गोल कोणीं केले तें सांगावयाचें नाहीं, अशी ही विपरीत स्थिति!

हिर्श मायदेशींच राहिला. त्याची पत्नी ज्यू नसल्यामुळें त्याला थोडेंफार संरक्षण होतें. परंतु आपल्यामुळें पत्नीला व मुलांना छळ सोसावा लागूं नये, या हेतूनें १९३९ मध्यें या पतिपत्नींनीं घटस्फोट घेतला. दैवदुर्विलास असा कीं, कुटुंबाला वांचविण्यासाठीं उचललेल्या या पावलानें स्वतः हिर्शचें उरलेंसुरलें कवच मात्र गळून पडलें. त्याला सक्तीच्या मजुरीवर जुंपण्यांत आलें. ज्या शहरांत त्याच्या गोलांसाठीं लोक टोप्या उडवीत, त्याच शहराच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर तो छातीवर पिवळा तारा लावून राबत होता.

फेब्रुवारी १९४३ मध्यें त्याला हद्दपारीची नोटीस आली. १ मार्च रोजीं कार्ल्सरूह स्टेशनवरून तो गाडींत चढला. त्याची मुलगी त्याला पोंचवावयास गेली होती. दोन दिवसांनीं डॉर्टमुंड येथील शिक्का असलेलें त्याचें एक कार्ड घरीं आलें. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सुमाराचें तें कार्ड. आपण सुखरूप आहों, वरच्या सायलेशियाकडे जात आहों, म्हणजे अजून जर्मनींतच असूं, असा त्यांतील मजकूर. आणि खालीं सही ‘युलर’. गाडी आउश्विट्स येथील छावणीकडे चालली होती. त्यानंतर त्याची खबर आली नाहीं. फेब्रुवारी १९४५ मध्यें त्याच्या मुलाला व मुलीलाही तेरेझिनच्या छावणींत नेण्यांत आलें. पण मे महिन्यांत छावणी मुक्त झाली आणि तीं दोघें जिवंत परत आलीं. १९५० सालीं कार्ल्सरूहच्या न्यायालयानें यूलिउस हिर्श यास मृत ठरविलें आणि मृत्यूची तारीख म्हणून ८ मे १९४५ ही तारीख लिहिली. ती जर्मनीच्या शरणागतीची तारीख. खऱ्या मृत्यूची तारीख लिहून ठेवण्याची गरज मारणाऱ्यांना वाटली नव्हती.

युद्ध संपलें, राजवट बदलली, नोंदवहींत दोन्ही नांवें पुन्हां लिहिलीं गेलीं; पण नांव लिहिणें वेगळें आणि आठवण ठेवणें वेगळें. सेप हेर्बेर्गर हा जर्मनीचा थोर फुटबॉल-शिक्षक. त्याच्या मार्गदर्शनाखालीं १९५४ मध्यें जर्मनीनें विश्वचषक जिंकला. हेर्बेर्गर मानहाइमचा, म्हणजे कार्ल्सरूहच्या जवळचाच. बालपणीं त्याचें दैवत होतें गॉटफ्रीड फुक्स. हा हेर्बेर्गर स्वतः १९३३ मध्यें नाझी पक्षाचा सभासद झाला होता आणि त्या राजवटींत राष्ट्रीय संघाचा शिक्षकही होता, हेंही येथें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. म्हातारपणीं त्यानें माँट्रियलमधील आपल्या बालपणींच्या दैवताशीं पत्रव्यवहार राखला होता. १९७२ मध्यें म्युनिकच्या नव्या ऑलिंपिक क्रीडागाराचें उद्घाटन जर्मनी व सोव्हिएट रशिया यांच्या सामन्यानें व्हावयाचें होतें. हेर्बेर्गरनें महासंघाला सुचविलें कीं, साठ वर्षांपूर्वीं रशियाविरुद्ध दहा गोल करणाऱ्या फुक्सला या सामन्यासाठीं सन्मानानें पाहुणा म्हणून बोलवावें.

महासंघानें नकार दिला. असा पायंडा पाडणें इष्ट नाहीं आणि तिजोरीची स्थितीही ओढगस्तीची आहे, अशीं कारणें देण्यांत आलीं. एका वृद्ध खेळाडूच्या प्रवासखर्चाचा तो प्रश्न होता! हा नकार मार्च महिन्यांत कळविण्यांत आला. पण फुक्स त्यापूर्वींच, २५ फेब्रुवारी १९७२ रोजीं, माँट्रियल येथें मरण पावला होता. २६ मे रोजीं सामना झाला. जर्मनीनें तो ४-१ असा जिंकला आणि चारही गोल गेर्ड म्युलर या एकट्या खेळाडूनें केले. रशियाविरुद्ध एकाच जर्मन सेंटर-फॉरवर्डनें गोलांचा धडाका उडविल्याचा तो दुसरा प्रसंग होता. पहिल्या प्रसंगाचा नायक तेथें बसलेला असतां, तर जर्मन फुटबॉलच्या दोन पिढ्यांची ती भेट केवढी अर्थपूर्ण ठरली असती!

काळ आणखी पुढें गेला. जर्मन समाज आपल्या भूतकाळाकडे अधिक धीटपणें पाहूं लागला, तसतशी क्रीडासंस्थांनाही स्वतःकडे पाहण्याची लाज वाटेनाशी झाली. २००५ पासून जर्मन फुटबॉल महासंघ दरवर्षीं यूलिउस हिर्शच्या नांवें एक पारितोषिक देतो. वंशद्वेष व ज्यूद्वेष यांविरुद्ध आणि परस्परसहिष्णुतेसाठीं झटणाऱ्या व्यक्तींचा व संस्थांचा त्यानें गौरव होतो. कार्ल्सरूहमध्यें हिर्शच्या राहत्या घरासमोर त्याच्या नांवाची छोटी पितळी स्मृतिशिला रस्त्यांत बसविली आहे. ज्या महासंघानें १९३३ मध्यें त्याच्यावर दार लावलें, त्यानेंच आपलें प्रायश्चित्त त्याच्या नांवानें घ्यावें, ही गोष्ट उशिराची असली तरी निरर्थक नाहीं.

या कथेंत क्रूर राज्यकर्ते आहेतच. पण त्यांच्याहून अधिक विचार करावयास लावणारीं माणसें दुसरींच आहेत. क्लबांचे चिटणीस, सभासद, यादी छापणारे, ठराव लिहिणारे, अशीं हीं साधीं माणसें. हिर्शचा खेळ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, त्याच्याबरोबर विजयाचे प्याले रिते केले होते. त्यांतल्या बहुतेकांनीं त्याला शिवी दिली नसेल, त्याच्या अंगाला हातही लावला नसेल. त्यांनीं फक्त एका कागदावर संमति दिली, आणि तीही कोणी मागण्याच्या आधीं. छावणीपर्यंतचा रस्ता लांब होता, पण त्याचें पहिलें पाऊल क्लबाच्या सभागृहांत पडलें.

स्टॉकहोमच्या त्या सामन्याचा आंकडा पुसतां आला नाहीं, कारण तो साऱ्या जगानें लिहून घेतला होता. नांव मात्र पुसतां आलें, कारण तें जपण्याचें काम ज्यांचें होतें त्यांनींच हात आंखडला. नोंदवही कागदाची असते. तिची खरी राखण माणसांच्या सचोटीनें होत असते. गॉटफ्रीड फुक्सचे दहा गोल आणि यूलिउस हिर्शचे चार गोल आज पुन्हां आपापल्या जागीं उभे आहेत. त्यांच्याकडे पाहतांना त्या दोन शून्यवत् झालेल्या दशकांचीही आठवण ठेवणें, हेंच त्या दोन खेळाडूंचें खरें स्मरण होय.